लहान मंडळी, गावाचं काम: विदर्भातल्या लुथरन मंडळीने सेवेला सुरुवात कशी करावी

मंडळीच्या सेवा समितीत नुकतंच तुमचं नाव घातलं गेलं असेल आणि आता नेमकं करायचं काय हे कुणी सांगितलं नसेल, तर हे तुमच्यासाठी.

विदर्भात लुथरन मंडळ्या मोजक्याच. नागपूरकडे ख्रिस्ती घर म्हटलं की बहुधा सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा कॅथलिक, अकोला-अमरावतीकडे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट. लुथरन परंपरा आपल्याला सर्वांत जवळ सापडते ती सातपुड्याच्या पलीकडे. १८७७ च्या सुमारास स्वीडिश मिशनरी मध्य प्रांतात आले. त्यांच्या कामातून छिंदवाडा, बैतूल, सागर या भागातली मंडळी उभी राहिली, आणि बैतूल जिल्ह्यातलं पाढरचं इस्पितळ आजही तीच मंडळी चालवते. त्या इस्पितळाकडे पाहून आपल्याला वाटतं, सेवा म्हणजे एवढं मोठं काहीतरी. मग वीस-पंचवीस घरांची, निम्मी रोजमजुरीवर जगणारी आपली मंडळी काय करणार?

पुष्कळ करू शकते. पैसा नसतो, पण वाचता-लिहिता येणारी चार माणसं असतात, दर रविवारी न चुकता एकत्र बसायची सवय असते, आणि कुणाच्या घरी दुःख झालं की उठून जायची रीत असते. माझं ठाम मत असं आहे की खेड्यातल्या मंडळीने धान्याच्या पिशव्या वाटण्यात आपली ताकद संपवू नये. अडलेल्या माणसासोबत तहसीलला, बँकेत, ग्रामसभेत जाण्यात ती लावावी. पिशवी आठ दिवस पुरते. सातबाऱ्यावर चढलेलं नाव जन्मभर पुरतं.

आधी कारण पक्कं करा

पहिल्या बैठकीत लगेच योजना आखू नका. आपण हे का करतो, यावर एक तास बोला. लुथरन शिकवणीत चांगल्या कामांनी तारण मिळत नाही, ते कृपेने, विश्वासाने मिळतं. मग कामं कशाला? जर्मन धर्मसुधारक मार्टिन लुथरने १५२० मध्ये याचं उत्तर दिलं: ख्रिस्ती माणूस विश्वासाने पूर्ण मोकळा आहे, कुणाचा बांधील नाही, आणि प्रीतीने तो सगळ्यांचा सेवक आहे. पौलाने गलतीकरांना लिहिलेले ‘प्रीतीच्या द्वारे कार्य करणारा विश्वास’ हे शब्द तेच सांगतात. देवासाठी पुण्य जमवायचं नाही हे एकदा मनात बसलं की डोळे आपोआप शेजाऱ्याकडे वळतात, आणि त्याला खरं काय हवं आहे ते दिसू लागतं.

दुसरी गोष्ट रोजच्या भाकरीची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ हे आपण दर रविवारी म्हणतो. १५२९ च्या लहान कॅटेकिझममध्ये, म्हणजे विश्वासाच्या प्रश्नोत्तरीत, लुथरने या भाकरीत काय काय येतं ते सांगितलं आहे: अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरंढोरं, पैसा, चांगलं हवामान, शांतता, आरोग्य, भले शेजारी आणि चांगलं सरकार. कोरडवाहू कापसाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. कृषी विभागाकडे केलेला अर्ज, विम्याची तक्रार, ग्रामसभेतला ठराव हे सगळं त्या एका विनंतीतच बसतं. ‘चर्चने कचेरीच्या भानगडीत का पडावं?’ असं मंडळीतले वडीलधारे विचारतील. विचारतीलच. त्यांच्यासोबत कॅटेकिझमचं ते पान वाचा.

मग गाव पहा, वही घ्या

प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय उघडा. रोजच्या वाटणीत काही विधवांकडे दुर्लक्ष होत होतं, तशी तक्रार आली. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना गप्प केलं नाही. त्यांनी मंडळीला सात माणसं निवडायला सांगितली आणि काम त्यांच्या हाती दिलं. आपणही इथूनच सुरू करायचं: कुणाकडे दुर्लक्ष होतंय?

दोन-दोनच्या जोड्या करा. प्रत्येक जोडीत एक तरी बाई असावी, कारण बऱ्याच घरांत खरी गोष्ट चुलीजवळच कळते. आशाताई, अंगणवाडी सेविका, रोजगार सेवक, रेशन दुकानदार, शाळेतले गुरुजी यांना भेटा. त्यांना गावातल्या प्रत्येक घराची खबर असते. तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आणि ग्रामसेवकालाही भेटा. पहिली भेट तक्रारीची नको, ओळखीची असू द्या.

विचारताना ‘तुम्हाला काय मदत पाहिजे?’ असं विचारलं की लोक धान्य किंवा पैसे सांगतात, कारण मदत करणाऱ्यांनी आजवर तेच दिलेलं असतं. त्याऐवजी वर्ष विचारा. पेरणीला बी-खत कशावर घेतलं? फवारणी कोण करतं? कापसाचे चुकारे कधी आले? तूर निघेपर्यंत घर कशावर चाललं? उन्हाळ्यात पाणी कुठून? पोरगी शाळेतून कोणत्या महिन्यात सुटली? वर्षभराचा हिशेब ऐकला की अडचण कुठे आहे ते तुम्हालाच दिसतं.

जे ऐकाल ते वहीत लिहा: घर, अडचण, कोणती कागदं आहेत, कोणती नाहीत, पुढे कोण जाणार, कोणत्या तारखेला. वही एकाच माणसाकडे, कुलपात. त्यातली गोष्ट उपासनेत नाव घेऊन सांगायची नाही, प्रार्थनेच्या विनंतीत सुद्धा नाही, जोवर त्या घराने स्वतः होकार दिलेला नाही. खेड्यात प्रार्थनेतून बाहेर गेलेली बातमी संध्याकाळपर्यंत पानटपरीवर पोचते.

महिनाभर पाहिल्यावर एक काम निवडा. एकच. कुपोषण, व्यसन, पाणी, शाळा सगळं दिसेल आणि जीव तुटेल, तरी एकच.

कर्त्या माणसाच्या मागे राहिलेलं घर

कोणतं निवडावं असं मला विचाराल तर मी हे सांगेन, म्हणून यावर जरा विस्ताराने लिहितो. कर्जापायी किंवा नापिकीपायी कास्तकाराने जीव दिला, की पहिले तेरा दिवस घरात गर्दी असते. चौदाव्या दिवशी ती बाई, तिची लेकरं, म्हातारे सासू-सासरे आणि बँकेची नोटीस एवढेच उरतात. मंडळीचं काम त्या चौदाव्या दिवशी सुरू होतं.

पहिल्या भेटीत काही विचारायचं नाही. बसायचं. भाकरी नेली असेल तर ठेवून यायची. असं का केलं, देवाची इच्छा, पाप, हे शब्द तोंडून निघता कामा नयेत. फोटो काढायचा नाही, मोबाइल खिशातून बाहेरच काढायचा नाही. एखाद्या बाईने दर दोन-तीन दिवसांनी जात राहावं. घरात दुसऱ्या कुणाचं मन फार खचलेलं दिसलं, झोप नाही, जेवण नाही, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आहे, तर त्या माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. आरोग्य खात्याच्या प्रेरणा प्रकल्पात जिल्हा रुग्णालयात समुपदेशक असतात, आशाताईंना ते माहीत असतं. आणि घरात फवारणीचं औषध उघड्यावर ठेवलेलं असेल तर ते कुलूपबंद पेटीत किंवा दुसरीकडे हलवा. हे छोटं वाटतं, पण जीव वाचवणारं काम आहे.

मग कागदं. क्रम महत्त्वाचा आहे.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करून घ्या. उशीर झाला की शुल्क, प्रतिज्ञापत्र, परवानगी असं वाढत जातं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा, प्रत्येक कचेरी मागते. दाखल्यावरचं नाव आधार आणि सातबाऱ्याशी जुळतं का ते तिथेच वाचून पहा. ‘रामभाऊ’ आणि ‘रामराव’ एवढ्या फरकाने पुढे महिनोन्‌महिने जातात.

शासनाची मदत एक लाख रुपयांची, २००६ पासून चालत आलेली: तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. रक्कम बदलली आहे का ते तहसीलमध्ये विचारून घ्या. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याचा अहवाल, सातबारा आणि कर्जाची कागदं तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात आणि समिती प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. तिथे तीन गोष्टी पाहिल्या जातात: जमीन मृताच्या किंवा कुटुंबाच्या नावावर होती का, कर्ज बँक, सोसायटी किंवा परवानाधारक सावकाराचं होतं का, आणि ते थकलं होतं का. इथेच अनेक घरं गळतात. मक्त्याने किंवा बटईने वावर करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. बिनपरवाना सावकाराचं कर्ज कागदावर नसतं. शेतात राबणाऱ्या बाईचं नाव तर कुठेच नसतं. म्हणून सोसायटीचा उतारा, बँकेची वसुलीची नोटीस, पासबुक हे सगळं पहिल्याच फेरीत जोडा. प्रकरण अपात्र ठरलं तर कारण लेखी मागा आणि फेरविचाराचा अर्ज द्या.

वारस नोंद वेगळी असते, ती तलाठ्याकडे करायची. बाईला सांगा की फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं चढण्याची नोंद, होईपर्यंत कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या कागदावर अंगठा-सही करू नये. दिराचं नाव ‘एकत्र कुटुंब कर्ता’ म्हणून चढवून तिला आणि लेकरांना बाजूला ठेवण्याचे प्रकार होतात. घरात वाद आहे असं दिसलं तर तुम्ही निवाडा करायला बसू नका. तालुका विधी सेवा समितीकडे न्या. १९८७ च्या कायद्याने बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना आणि मुलांना वकील मोफत मिळतो, मिळकतीची अट न लावता. १५१०० हा त्यांचा क्रमांक.

मासिक आधारासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत आणि वय ६५ च्या खाली असलेल्या विधवांना महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, मृत्यूचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या घरात १८ ते ५९ वयातला कर्ता माणूस गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे वीस हजार एकदाच मिळतात. दोन्ही अर्ज तहसीललाच.

आणि एक गोष्ट जवळजवळ सगळे विसरतात. मृताचं बँक पासबुक छापून आणा आणि मे-जून महिन्यातल्या कपाती पहा. ४३६ रुपये कापले गेले असतील तर तो जीवनज्योती विमा, दोन लाखांचा. वीस रुपये कापले असतील तर तो सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूसाठी. खातं उघडताना कुणीतरी सही घेतलेली असते, घरात कुणाला पत्ता नसतो. दावा त्याच बँक शाखेत करायचा.

सावकाराचा तगादा असेल तर घाबरून पुन्हा काही लिहून देऊ नका. २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने बिनपरवाना सावकारी गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते, आणि अशा व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. लुथरने १५४० मध्ये पाळकांना लिहून सांगितलं होतं की व्याजखोरीविरुद्ध व्यासपीठावरून बोला. आपल्या पाळकसाहेबांनीही पेरणीच्या आधीच्या रविवारी बोलावं. मंडळीत एखादा व्याजाने पैसे देणारा बसलेला असतो, म्हणूनच बोलावं.

हे सगळं त्या बाईच्या नावाने, तिच्या सहीने आणि तिच्या तोंडून झालं पाहिजे. आपण सोबत. पहिल्यांदा आपण बोलू, दुसऱ्यांदा ती बोलेल आणि आपण शेजारी उभे राहू. ‘ताई, साहेबांना तुम्हीच सांगा’ एवढंच म्हणायचं. जिने स्वतःचं काम स्वतः करून घेतलं, ती पुढे दुसऱ्या बाईला घेऊन तहसीलला येते.

फवारणीचा हंगाम

दुसरं काम घ्यायची ताकद आली तर हे घ्या. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. ऑगस्ट ते ऑक्टोबर, पराटी म्हणजे कपाशी डोक्याएवढी वाढलेली, दमट उकाडा, अंगात साधा शर्ट आणि पाठीवर पंप, हे दृश्य आजही बदललेलं नाही.

जुलैच्या एखाद्या रविवारी उपासनेनंतर कृषी सहायकांना बोलवा आणि गावातल्या सगळ्या फवारणीवाल्यांना निरोप द्या, मंडळीतल्याच नव्हे. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग दाखवा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. दोन-तीन औषधं मनाने मिसळायची नाहीत. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारायचं नाही. उपाशीपोटी जायचं नाही, मध्ये तंबाखू मळायची नाही, नोझल तोंडाने फुंकायचं नाही. घरी आल्यावर आधी आंघोळ, आणि ते कपडे वेगळे धुवायचे. हे शेवटचं बायकांना सांगा, कारण कपडे त्याच धुतात आणि विष त्यांच्याही हाताला लागतं. डोळ्यांपुढे अंधारी आली, मळमळ झाली, घाम सुटला तर लगेच दवाखाना, आणि सोबत औषधाचा डबा न्यायचा. डॉक्टरला उतारा ठरवायला तो लागतो.

मंडळीच्या पैशातून हातमोजे, मास्क, चष्मे यांचे काही संच घेऊन ठेवता येतात, गावाने नेऊन वापरायला. पण इथेच थांबू नका. ज्याच्या वावरात फवारणी होते तो संच का देत नाही, हे ग्रामसभेत विचारा. प्राथमिक आरोग्य केंद्रात अॅट्रोपिन, म्हणजे विषबाधेवरचं औषध, आहे का, ते विचारा. आणि सर्वांत अवघड प्रश्न: गोपीनाथ मुंडे अपघात योजनेत शेतकऱ्याच्या घरी अपघाती मृत्यू झाला तर दोन लाख मिळतात, त्यात विषबाधा, साप, वीज सगळं येतं. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातला एक जण यांच्यासाठी आहे. दुसऱ्याच्या वावरात रोजाने फवारणारा भूमिहीन मजूर त्यात बसत नाही. धोका तो सर्वांत जास्त घेतो. याला कोणताही अर्ज पुरत नाही, नियमच बदलावा लागतो, आणि त्यासाठी आमदारांपासून पालकमंत्र्यांपर्यंत लेखी मागणी करावी लागते. पुष्कळ गावांनी, पुष्कळ मंडळ्यांनी एकत्र.

मागणं कसं मागायचं

वकिली, पाठपुरावा, निवेदन, काहीही म्हणा. नियम थोडेच आहेत.

तोंडी काही नाही. अर्ज दोन प्रतींत, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. रोजगार हमीचं काम मागतानाही हेच.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. विषय आधी लेखी द्या, आयत्या वेळच्या विषयांत गेलेली गोष्ट हवेत विरते. महिला ग्रामसभा आधी होते, तिथे महिला मंडळाने जावं. ठराव प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिला गेला की नाही ते वाचून घ्या. गडचिरोली किंवा मेळघाटच्या अनुसूचित क्षेत्रात असाल तर पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि वनहक्क कायद्याने ग्रामसभेचं बळ कितीतरी मोठं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले. तिथल्या लोकांशी बोला, माझ्यापेक्षा ते चांगलं सांगतील.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर होतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना फुकट. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पहिलं अपील. रागाने अर्ज करू नका, माहिती हवी म्हणून करा.

पक्षाच्या झेंड्याखाली जायचं नाही. निवडणुकीच्या दिवसांत चर्चच्या आवारात कुणाचं भाषण नको. मंडळीतली माणसं वेगवेगळ्या पक्षांत असतातच आणि असावीत. आपण मागतो ते विधवेसाठी, मजुरासाठी.

एक मागणं आपलं स्वतःचंही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातीत धरले जात नाहीत. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात घेतलं गेलं, आपल्याला नाही. आदिवासींचा दर्जा मात्र धर्माशी जोडलेला नाही. देशभरातल्या मंडळ्या १० ऑगस्टला याचा निषेध नोंदवतात. हे काम करणारी भारतीय राष्ट्रीय चर्च परिषद, एन.सी.सी.आय., हिचं मुख्यालय नागपुरातच आहे. आपल्यासारख्या लहान मंडळीला एवढी मोठी संस्था जवळ असणं ही सोय आहे, तिचा उपयोग करा. पण हे मागणं आणि शेजाऱ्याचं मागणं यांत निवड करायची वेळ आली तर सुरुवात शेजाऱ्यापासून करा. गावाला आधी दिसलं पाहिजे की ही माणसं फक्त स्वतःसाठी बोलत नाहीत.

पैसा

१५२३ मध्ये जर्मनीतल्या लाइसनिग गावाने गरिबांसाठी सामायिक पेटी काढली, लुथरने तिला पाठिंबा दिला. त्या पेटीला चार कुलपं होती आणि चार किल्ल्या वेगवेगळ्या लोकांकडे: एक सरदारांकडे, एक नगर परिषदेकडे, एक गावातल्या लोकांकडे आणि एक खेड्यातल्या शेतकऱ्यांकडे. चौघे आल्याशिवाय पेटी उघडत नसे. आपल्याकडे बँक खातं दोन सह्यांचं असावं, आणि एक सही मजुरी करणाऱ्या घरातली असावी. हिशेब दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर मोठ्याने वाचावा.

पैसा कुठून? रोज स्वयंपाकाआधी एक मूठ तांदूळ किंवा ज्वारी बाजूला काढायची, महिन्याने आणून द्यायची. गरीब घरंही यात असतात, आणि देणारा-घेणारा असा भेद राहत नाही. पिकाच्या सणाचं अर्पण, त्यातला ठरलेला वाटा. तालुक्याच्या बसभाड्याला आणि झेरॉक्सला एवढं पुरतं, आणि आपला खरा खर्च तोच आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्याने प्रेमाने पाकीट दिलं तरी घेऊ नका. विदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी नसेल तर तो गुन्हा आहे. मंडळीचा न्यास नोंदलेला आहे का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का, हेही एकदा पाळकसाहेबांना विचारा.

मदतीला दोरी बांधायची नाही

हे मी कळवळून सांगतो. ज्या घरी तुम्ही सेवेसाठी जाता तिथे पत्रक, शुभवर्तमानाची पुस्तिका, उपासनेचं आमंत्रण घेऊन जायचं नाही. अर्ज भरून देताना ‘आमच्याकडे प्रार्थनेला या’ असं म्हणायचं नाही. दुःखात बुडालेल्या माणसाकडून धर्माचा कोणताही निर्णय करून घ्यायचा नाही, त्याने स्वतः विषय काढला तरी थांबायला सांगायचं. कृपा फुकट आहे असं आपण शिकवतो, मग आपली मदतही फुकटच असायला हवी. त्यातून गावात संशय राहत नाही आणि कायद्याचा त्रासही होत नाही, पण कारण ते नाही. कारण कृपाच आहे.

हा मुलूख सेवेला नवा नाही. शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले, मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आहे, वरोऱ्याला आनंदवन आहे. तुमच्या गावात बुद्ध विहारातले तरुण, भजनी मंडळ, बचत गट आधीच काही ना काही करत असतील. त्यांच्याकडे जा आणि विचारा, ‘भाऊ, आम्ही यात काय उचलू?’ कामाचं नाव त्यांचं राहिलं तरी चालेल. फलक लावू नका.

वर्षाच्या शेवटी

पिकाच्या सणाच्या आठवड्यात समितीने वही उघडून बसावं. झालेली कामं बाजूला करा. अडलेल्यांचं कारण तीन प्रकारांत मांडा: कागद कमी आहे, कचेरी हलत नाही, की नियमच आड येतो. कागद कमी असेल तर पुढच्या सोमवारी कोण जाणार ते तिथेच ठरवा. कचेरी हलत नसेल तर अपील. नियम आड येत असेल तर ती नावं वेगळ्या पानावर उतरवा, शेजारच्या मंडळ्यांची तशीच पानं मागून घ्या, आणि सगळी मिळून हिवाळी अधिवेशनाच्या आधी आपल्या आमदारांकडे घेऊन जा. अधिवेशन नागपुरातच भरतं. ज्यांची नावं त्या पानावर आहेत त्यांनाही सोबत न्या, गाडीभाडं मुठीच्या धान्यातून.